सतरा नंबरचं माप

लाल पट्टी आली तेव्हा तो चष्मा पुसत होता, म्हणून ती त्याला आधी नुसती एक लाल रेघ दिसली. चष्मा नाकावर बसल्यावर रेघेची अक्षरं झाली. परीक्षक क्रमांक १७, आपण दिलेले गुण निश्चित गुणांशी जुळत नाहीत, फरक दोन, कृपया तपासणी थांबवावी आणि पर्यवेक्षकांना भेटावे. त्यानं ते तीनदा वाचलं. सव्वीस वर्षांत ही पट्टी त्यानं पुष्कळदा पाहिली होती, पण दुसऱ्यांच्या स्क्रीनवर. पाहायची आणि नजर वळवायची, कुणाच्या सदऱ्याचं फाटकं कोपर दिसल्यावर वळवतो तशी. पट्टीचा मजकूर त्यानंच लिहिलेला होता. मूळ मसुद्यात नुसतं 'थांबवा' होतं. माणसाला असं तोंडावर सांगणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं 'कृपया' घालून वाक्य मवाळ केलं होतं. आता ते मवाळ वाक्य इतक्या अदबीनं समोर उभं राहिलं, की आपल्याच घरातून आपल्याला कुणीतरी दंडाला धरून 'या हं' म्हणत बाहेर सोडायला निघालंय असं त्याला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं हेडफोन न काढता पाहिलं, आणि नजर वळवली.

काम तसं साधं. बाहेरून माणसं या शहरात येत, कुणाला रुग्णालयात नोकरी हवी असे, कुणाला बस चालवायची असे, कुणाला कायमचं राहायचं असे, आणि त्यांना इथली भाषा बोलता येते याचा कागद लागे. दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड व्हायचं. त्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच एखाद्या शहरातल्या दोन परीक्षकांकडे वेगवेगळं जायचं. उच्चार, शब्द, रचना आणि ओघ, प्रत्येकी सहापैकी गुण. कुठल्याही एकात चारच्या खाली गेला की माणूस नापास. आणि परीक्षकांचा कान ठिकाणावर आहे ना हे बघायला अधूनमधून एखादं जुनं रेकॉर्डिंग नव्यांत मिसळून दिलं जाई. त्याचे गुण आधीच ठरलेले असत. कार्यालयात त्यांना 'मापं' म्हणत. वाण्याच्या दुकानात वजनं तपासायला अधिकारी आपली वजनं घेऊन येतो, तशी. मापं ठरवणाऱ्या समितीत तो पहिल्यापासून होता, म्हणून त्याला मापं लागत नसत. यंदा नव्या संचालकबाईंनी ती सवलत काढली तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि तो पायाशी बघत म्हणाला होता, योग्यच आहे, योग्यच आहे. त्याला खरोखरच योग्य वाटलं होतं. आपला कान बिघडलेला असणार अशी शंका त्याला पहिल्या दिवसापासून होती. इतकी वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही याचंच त्याला नवल वाटे.

पर्यवेक्षकाला सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण त्याच्या गळ्यात कायम एक स्टॉपवॉच लटकलेलं असे आणि चहाचा घोटही तो वेळ लावून घेतो अशी त्याची थट्टा चाले. घड्याळानं त्याला पाहून खुर्ची पुढे केली. असं होतंच म्हणाला, मला स्वतःला दोनदा लाल पट्टी आलीय, आणि छापील फॉर्म सरकवला. फॉर्मवर चार कारणं होती: थकवा, आवाज नीट न येणे, लक्ष विचलित होणे, नियमांची उजळणी आवश्यक. चारांतल्या एकावर खूण करायची, सही करायची, सरावाची दहा रेकॉर्डिंग ऐकायची, दुपारपर्यंत माणूस परत कामावर. घड्याळानं पेनाच्या टोकानं 'थकवा' दाखवला. बहुतेक जण हेच घेतात म्हणाला, जणू खाणावळीत भाजी सुचवतोय. त्यानं पेन हातात घेतलंही. थकवा तर होताच, थकवा कधी नव्हता? मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, ते रेकॉर्डिंग एकदा परत ऐकता येईल का म्हणून विचारणारा. नियमात होतं, एकदा ऐकता येतं. घड्याळ जरा हिरमुसला, पण नियम म्हटल्यावर त्याचा नाइलाज असे.

बाईचा आवाज. मध्यम वयाची असावी. सकाळी त्यानं हेच ऐकलं होतं आणि ओघाला पाच दिले होते, बाकी सगळ्यालाही पाच. तिला प्रश्न होता, तुम्हाला चांगलं येतं असं एखादं काम कसं करतात ते सांगा. ती सांगत होती की अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवतात. "एकदम हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि थांबली. मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. "आधी सांगायचं. मी आता तुम्हाला... डाव्या कुशीवर वळवणार आहे." पुन्हा थांबली. "मग वाट बघायची. त्यांनी हो म्हणेपर्यंत. कधीकधी ते डोळ्यांनी हो म्हणतात. तेवढं... तेवढं थांबायला पाहिजे. नाहीतर ते माणूस नसतात, गाठोडं होतात." ती पाचदा थांबली, आणि दर वेळी थांबून आली ती हातात नेमका शब्द घेऊन आली. शब्द शोधता शोधता भलताच उचलून आणला असं एकदाही झालं नाही. विहिरीत सोडलेली कळशी भरेपर्यंत जसं कुणी दोर धरून उभं राहावं, घाई न करता, तशी ती उभी राहत होती. ठरलेले गुण स्क्रीनवर होते: उच्चार पाच, शब्द पाच, रचना पाच, ओघ तीन. म्हणजे नापास. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, माप ठरवणाऱ्या तिघांचे क्रमांक. पहिला क्रमांक १७ होता. अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

हेडफोन कानांवरच ठेवून तो बसून राहिला. आत आता काहीच वाजत नव्हतं, नुसती कापसासारखी शांतता होती, आणि त्या शांततेत अकरा वर्षांपूर्वीची ती खोली हळूहळू उजळत गेली. लांबट टेबल, पाण्याचे तीन पेले, खिडकीच्या एका काचेला तडा होता आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली. तो नुकताच समितीचा प्रमुख झाला होता. बरोबर एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि एक तरुण प्राध्यापक. तिघांनी गुण कागदावर लिहून कागद एकदम उलटे केले होते. शिक्षिकेचे पाच, प्राध्यापकाचे चार, त्याचे तीन. नियम असा की बोलून एकमत करायचं. शिक्षिका म्हणाल्या होत्या, अहो, ती विचार करतेय, अडखळत नाहीये. त्या वेळी त्याला वाटलं होतं, आता आपण नमतं घेतलं तर हे दोघं ओळखतील की प्रमुखपणा या माणसाला पेलत नाही. आणि त्याच्या तोंडून एक वाक्य गेलं, अगदी न अडखळता. "वाहतं पाणी थांबलं की त्याला ओघ म्हणत नाहीत, डबकं म्हणतात." प्राध्यापक हसला. शिक्षिका हसल्या नाहीत, पण त्यांनी पाच खोडून तीन केले. वाक्य इतकं आवडलं सगळ्यांना, की पुढे ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चौकटीत छापलं गेलं. अकरा वर्षं दर नवा परीक्षक आधी ते वाक्य वाचे आणि मग या बाईचं रेकॉर्डिंग ऐके, आणि शिके, की थांबणारा माणूस म्हणजे तीन. आयुष्यात आपण बोललेलं एकच वाक्य लोकांच्या ध्यानात राहिलं आणि तेही हे, असं त्याच्या मनात आलं, आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

खरं तर त्याला त्या थांबण्याची चीड आली होती, हे तो आता स्वतःशी कबूल करू शकत होता. ते थांबणं त्याचं स्वतःचं होतं. लहानपणी जेवताना वडील काही विचारत आणि त्याचं उत्तर येईपर्यंत बोटांनी पाटावर ठेका धरत. ठेका सुरू झाला की डोक्यातली वाक्यं भेदरलेल्या कोंबड्यांसारखी चहूकडे पळत. "चिरंजीवांची गाडी अजून सुटली नाही वाटतं," वडील आईला म्हणत, आणि मोठा भाऊ तोंडात घास असताना फिस्सकन हसे. मग तो पुस्तकांकडे गेला. पुस्तकं ठेका धरत नाहीत. भाषेचा मास्तर झाला, परीक्षक झाला, दुसऱ्यांचं बोलणं मोजायची नोकरी धरली, म्हणजे आपल्याला कुणी मोजणार नाही. आणि एके दिवशी हेडफोनमधून त्याचंच थांबणं त्याच्या कानात आलं, परक्या बाईच्या आवाजात, न लाजता, न माफी मागता. त्यानं पाटावर बोटं वाजवली. तीन.

"झालं का ऐकून?" घड्याळानं विचारलं.

त्यानं हेडफोन काढले आणि सांगितलं की आजची चूक नाही, मापच चुकलेलं आहे. घड्याळ हसला. लाल पट्टी आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो सर, तो म्हणाला, मीही म्हणालो होतो. ते खरं होतं. त्याच कारणासाठी तर त्यानं वीस वर्षांपूर्वी नियमावलीत घातलं होतं की परीक्षकाला मापावर हरकत घेता येणार नाही. नाहीतर ज्याचा कान बिघडला तो मापालाच नावं ठेवणार. नाचता येईना अंगण वाकडं. ते कलम त्यानं चार रात्री घासूनपुसून लिहिलं होतं आणि आता ते त्याच्याच पायात आलं होतं.

संचालकबाई एके काळी त्याच्या हाताखाली शिकलेल्या. हुशार, सरळ, आवाजात कधी चढ नाही. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, त्याचं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकलं, आणि तेवढ्यानंच तो निम्मा खचला. भांडायला आलेल्याला पाणी दिलं की भांडण कुठे ठेवावं ते कळत नाही. मग त्यांनी एकेक मुद्दा काढला. माप चुकलंय असं आज म्हटलं तर अकरा वर्षांचे निकाल उघडावे लागतील. किती हजार माणसं, कुठे कुठे गेलेली. जे नापास झाले त्यांना काय सांगणार, आणि जे पास झाले त्यांच्या कागदावर तरी उद्या कुणी विश्वास ठेवील का. परीक्षा विश्वासावर चालते हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तो म्हणाला, विश्वास खऱ्या मापावर. त्या अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "सर, रागावू नका. वहिनींच्या आजारपणानंतर तुमचा कान मऊ झालाय. माणूस म्हणून मला ते समजतं. पण कान मऊ झाला की माप कसं ठरवणार?"

वार वर्मी बसला. दोन वर्षांपूर्वी बायकोला पक्षाघात झाला होता. हातपाय बरेचसे परत आले. बोलणं परत आलं ते तुकड्यातुकड्यांत. ती थांबे, शब्द शोधे, आणि तो समोर बसून राही. सुरुवातीला तो चटकन शब्द पुरवायचा. मीठ? खिडकी? मुलीचा फोन? तेव्हा तिचे डोळे असे व्हायचे, की तिच्या हातातला पेला कुणी हिसकावून घेतलाय. मग तो शिकला. हात मांडीवर ठेवायचे, चेहरा मोकळा ठेवायचा, आणि थांबायचं. त्या दोन वर्षांत त्याला कळलं होतं की थांबण्याचेही प्रकार असतात: शब्द हरवला म्हणून थांबणं वेगळं, दोन शब्दांतला कुठला खरा म्हणून थांबणं वेगळं, समोरच्याला झेपेल का म्हणून थांबणं आणखी वेगळं. वरून एकाच रंगाची वाटणारी ही थांबणी त्याला आता वेगवेगळी ऐकू येत. मग हा कान मऊ झाला, की शिकला? बाई म्हणतात तसंही असेल. आपण दुःखी आहोत म्हणून सगळ्या जगाला पास करत सुटलो असू. तो खरोखर सांगू शकत नव्हता. आपल्या कानाची साक्ष काढायला आपल्याकडे आपलाच कान. पण मग त्याला दिसलं की हेच त्या दिवशीही होतं; तेव्हा वडिलांच्या बोटांचा ठेका कानात भरलेला होता आणि त्या कानाला कुणी कठोर म्हटलं नव्हतं, तज्ज्ञ म्हटलं होतं. दोन्ही कान त्याचेच. म्हणून तर पाच बाहेरच्या माणसांना, जुने गुण न दाखवता, ते रेकॉर्डिंग ऐकवायला हवं होतं. तो चुकला तर चुकला. तो एवढंच मागत होता.

"ते फक्त उमेदवाराच्या हरकतीवर होतं, सर," संचालकबाई म्हणाल्या. "कलम तुमचंच आहे."

होतं खरं. उमेदवारानं निकालापासून तीस दिवसांच्या आत ज्या मापाच्या आधारे गुण दिले त्या मापावरच हरकत घेतली, तर पाच बाहेरच्या परीक्षकांकडून माप पुन्हा तपासावं. वीस वर्षांत हे कलम एकदाही वापरलं गेलं नव्हतं, कारण मापं असतात हेच कुठल्या उमेदवाराला ठाऊक नव्हतं. त्यांनी फॉर्म पुढे केला. खूण करा आणि हा विषय इथे संपवू या, म्हणाल्या. नाहीतर मला तुमचा क्रमांक बंद करावा लागेल, आणि मला ते करायचं नाहीये. त्या खरंच बोलत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. त्यानं फॉर्म घेतला. चारही कारणांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चूक झाली आहे, ती अकरा वर्षांपूर्वीची आहे आणि माझी आहे. शेवटचा 'आहे' ओळीखाली घसरला. तसाच राहू दिला. इमारतीबाहेर पडल्यावर त्याला तीनचार फार चांगली वाक्यं सुचली, पण ती सगळी वरातीमागून घोडी.

घरी मुलगी आली होती. तिला सगळं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला नाही एवढंच. बाबा, सव्वीस वर्षं तिथे घालवलीत, ती म्हणाली, घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर याशिवाय तुम्हाला काही ठाऊक नाही, उद्यापासून करणार काय, आईच्या बोलण्याच्या थेरपीचे तास आता तुम्हीच घेणार का? आणि त्या बाईचं आता काय होणार आहे, तिनं कधीच दुसरं काम धरलं असेल. तो म्हणाला, असेल. याहून जास्त त्याला सांगता येईना. मुलीचं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू होई. तिला सहा मिळाले असते. बायको खिडकीशी बसून ऐकत होती. चांगला हात उचलून तिनं मुलीला थांबवलं, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली. दोघं थांबले. "तुम्ही आता... परीक्षक नाही."

"नाही."

"मग..." बराच वेळ गेला. मुलीनं तोंड उघडलं, त्यानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. "मग बसा की. परीक्षेला."

मुलगी हसायला लागली, काहीतरीच काय आई, बाबांची मातृभाषा आहे ही. बायको हसत नव्हती. आणि त्यालाही हसू येईना, कारण त्याच्या डोक्यात नियमावलीचं पान उघडलं होतं: वय अठरा पूर्ण, आणि सध्या परीक्षक नसलेली कोणतीही व्यक्ती. मातृभाषेबद्दल एक अक्षर नाही. मातृभाषावाला कशाला येईल मरायला, म्हणून कुणी लिहिलंच नव्हतं. आणि तो नापास झाला, तर मापावरची हरकत उमेदवाराची ठरणार होती. "नापास... व्हाल," बायको म्हणाली, एखाद्याला आशीर्वाद द्यावा तशी. "मला माहितीय ना. तुम्ही लग्नाला हो म्हणायला... तीन आठवडे." मग जरा गंभीर झाली. "पण नाटक नाही. नाटक केलंत तर... तुमचं आणि माझं भांडण."

त्याला भीती वाटत होती ती त्या नाटकाचीच. परीक्षेच्या दिवशी बसमध्ये, रांगेत, ओळखपत्र दाखवताना तो स्वतःला बजावत होता की मुद्दाम थांबायचं नाही, आणि जितकं बजावावं तितकं मुद्दाम म्हणजे काय हेच कळेनासं होत होतं. बाकावर शेजारी एक तरुण सुतार बसला होता, हातांवर बारीक जखमा, ओठ हलत होते, पाठ केलेलं परत परत म्हणत होता. सव्वीस वर्षं त्यानं या बाकावरच्या माणसांचा फक्त आवाज ऐकला होता. त्यांचे गुडघे असे हलतात, तळवे ते असे पँटवर पुसतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आत बोलावलं तेव्हा टेबलामागे त्यानंच शिकवून तयार केलेली एक मुलगी होती. ती अर्धवट उठली, मग तिला आठवलं आणि बसली. परीक्षा घेणाऱ्यानं कागदावरचंच वाचायचं, छान म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. मान डोलवू नये म्हणून मानेला पट्टा बांधायचा का सर, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. तिनं कागद वाचला. आपला उमेदवार क्रमांक सांगा. त्यानं सांगितला. पहिले काही प्रश्न किरकोळ होते. मग तिनं पान उलटलं, आणि तिच्या आवाजात काहीतरी अडकलं. तुम्हाला चांगलं येतं असं एखादं काम कसं करतात ते सांगा.

त्याला चांगलं येतं असं काय होतं? क्षणभर त्याला वाटलं आता परीक्षा कशी घ्यावी ते सांगावं, ते तयार होतं, एका दमात घडाघडा आलं असतं. पण त्याला ते चांगलं येत होतं का? अकरा वर्षांपूर्वीची खोली आठवली. मुलगी कागदाकडे बघत होती. यंत्रावरचा लाल दिवा लागलेला होता. "माझ्या बायकोला बोलायला वेळ लागतो," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य येईना. एक मन म्हणालं, बघ, आता तू मुद्दाम थांबलायस. त्या विचाराचीच किळस येऊन तो घाईनं चार शब्द बोलला, ते चारही खोटे वाटले, आणि त्यानं ते परत घेतले. "नाही. असं नाही. ती बोलत असताना... तिचा शब्द मला आधी कळतो. बहुतेक वेळा. तो तिला द्यायचा नाही." खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. "हे काम आहे. बसून राहायचं काम. मला वाटायचं ते काही न करण्याचं आहे." इथे तो फार वेळ थांबला, कारण पुढचं त्यानं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आणि ते खरं आहे की नुसतं सुंदर आहे हे बघायला हवं होतं. "पण कधीकधी ती थांबते, आणि मला वाटलेला शब्द येतच नाही. दुसराच येतो. चांगला. मी दिला असता तर तो... आला नसता. अशी किती वाक्यं मी माणसांच्या तोंडातून काढून घेतली असतील, ते मोजता येत नाही." मुलीनं मान डोलवली नाही. पण वेळ संपल्याचं वाक्य वाचताना ती दोनदा चुकली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मधल्या काळात त्याला रोज पहाटे वाटे की आपण पास झालो; पाच मिळाले, निदान चार, आणि आता कुठलीच वाट उरली नाही. मग लगेच वाटे, पास झालो तर त्याचा अर्थ मापानं काही बिघडवलेलं नाही, मग आनंदच व्हायला हवा, मग आनंद का होत नाही? म्हणजे आपल्याला न्याय हवाय की आपलं खरं ठरायला हवंय? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही, त्यात काय. पाकीट तिनंच उघडलं, एका हातानं, दातांनी टोक फाडून. उच्चार सहा. शब्द सहा. रचना सहा. ओघ तीन. कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या दोन अनोळखी, प्रामाणिक, नीट शिकवलेल्या परीक्षकांनी, एकमेकांना न विचारता, अगदी बरोबर माप लावलं होतं. शेवटी शिक्का: अनुत्तीर्ण. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानं पाणी आणलं, आणि पेला धरून उभा असताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. कधीपासून वाटत नाहीये ते आठवेना.

हरकतींची खिडकी तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला होती. वरच्या मजल्यावर इतकी वर्षं काढून तो कधी इकडे आला नव्हता. रांग होती, बारातेरा माणसं. खिडकीतल्या कारकून बाईंनी त्याचा निकाल पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, परत निकाल पाहिला.

"आजोबा, तुम्ही कुठले?"

"इथलाच."

"मग नापास कसे झालात?"

त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या वाक्याशी थांबला. बाईंनी पेनानं काउंटरवर टकटक केलं. लवकर बोला आजोबा, म्हणाल्या, मागे लोक उभे आहेत. पूर्वी एवढ्यानं त्याची सगळी वाक्यं उधळली असती. त्यानं टकटक संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग शांतपणे म्हणाला, "मला वेळ लागतो. तुम्हाला थांबावं लागेल." बाई थांबल्या. त्यानं नियमाचा क्रमांक सांगितला, कलम सांगितलं, पोटकलम सांगितलं. बाईंनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. उठून त्या मागच्या कपाटापाशी गेल्या, बराच वेळ खुडबुड केली, आणि एक गठ्ठा घेऊन आल्या, कडा पिवळ्या पडलेल्या, दोरा अजून न सोडलेला. वरचा एक फॉर्म काढून त्यांनी त्याला दिला.

मागून कुणीतरी विचारलं, "हा... हा कसला फॉर्म?" वळून पाहिलं तर एक दांडगा माणूस, बसचालकाचं जाकीट, हातात घडी घातलेला निकाल. माणसांशी आपणहून बोलायची वेळ आली की तो सहसा बूट बघत असे. आज त्यानं त्या माणसाच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ओघात किती मिळाले. चालक म्हणाला, तीन, आणि जरा थांबून म्हणाला, दोनदा. त्याच्यामागची बाई पुढे सरकली, तिचेही तीन होते. तिच्यामागून कुणीतरी म्हणालं, मला दोन, पण मला खरंच येत नाही, आणि चारदोन जण हसले. त्यानं सांगितलं की तुम्हालाही मापावर हरकत घेता येईल. बघतील, आणि नसेल येत तर तेही खरं ठरेल. मग तो खिडकीकडे वळला.

"आणखी द्या."

"किती?" कारकून बाईंनी विचारलं.

तो रांगेकडे बघत राहिला. घाई कुणालाच नव्हती. दाराबाहेरही माणसं उभी होती, ती इथून दिसत नव्हती, नुसता त्यांचा आवाज येत होता.

"आहेत तेवढे द्या," तो म्हणाला, आणि दोरा सोडायला घेतला.